सकाळी काटा शून्यावर, म्हणून इंजिन उतरवायचं?

पत्र आलंय कोल्हापूरहून. थोडं छोटं करून देतो.

"सर, माझ्याकडे बाबांची १९९७ ची मर्सिडीज ई २५० डी आहे. बाबा गेल्यावर गाडी विकायची नाही असं ठरलं, रिपासिंग करून घेतलं, आता दर शनिवारी मी काढते. रनिंग २ लाख ८० हजार किलोमीटर. गेले दोन महिने सकाळी सेल्फ मारली की ऑइल प्रेशरचा काटा पाच-सहा सेकंद शून्यावरच पडून राहतो, तेवढा वेळ इंजिनमधून टकटक येते, मग काटा एकदम ३ वर उडी मारतो आणि आवाज बंद होतो. नंतर दिवसभर काही तक्रार नाही. गाडी गरम झाल्यावर सिग्नलला दीड ते दोनच्या मध्ये असतो, जरा पाय दिला की ३. मिस्त्री म्हणतो बेअरिंग गेली, इंजिन उतरवायला लागेल, दीड लाख धरून चाला. भाऊ म्हणतो २०डब्ल्यू-५० टाक, जाड ऑइलनं प्रेशर येतं. काका म्हणतात विकून मोकळी हो. ऑइल आणि फिल्टर दिवाळीत बदललाय. बाबा प्रत्येक सर्व्हिस वहीत लिहायचे, शेवटची काही पानं आणि या वेळच्या बिलाचा फोटो जोडतेय. काय करू?"

ताई, इंजिन उतरवू नका. आत्ता तर नाहीच, आणि माझा अंदाज बरोबर असला तर पुढची बरीच वर्षं नाही. तुमच्या पत्रातच उत्तर आहे आणि तेही दोनदा आहे, एकदा तुम्ही लिहिलेल्या आकड्यांत आणि एकदा बाबांच्या वहीत. वहीकडे मी मुद्दाम शेवटी येणारे, कारण आधीचं नीट कळलं नाही तर वहीतला तो एक शब्द समोर असून दिसत नाही. तुम्हाला दिसला नाही, मिस्त्रीनं बहुतेक वही बघितलीच नसणार.

ही गाडी माझ्या जरा जवळची आहे हे आधीच कबूल करतो. मर्सिडीज भारतात बनायला लागली ती याच मॉडेलपासून, १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात ही जोडली जायची, आणि मी तेव्हा पुण्यातच एका डिझेल गॅरेजात कामाला होतो. पाच सिलिंडरचं इंजिन, आवाज ट्रॅक्टरच्या लांबच्या भावासारखा, आणि नीट ठेवलं तर माणूस कंटाळेल पण इंजिन नाही. २ लाख ८० हजार म्हणजे या इंजिनाला काही म्हातारपण नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडं प्रेम आहे असं धरून वाचा, पण आकड्यांत नाही.

आता काटा. बहुतेक गाड्यांत ऑइलसाठी नुसता लाल दिवा असतो, प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या आसपास गेलं की तो विझतो आणि पुढे आत काय चाललंय ते देवाला माहीत. तुमच्या गाडीत खरा काटा आहे, ० ते ३, आणि हे आकडे बारचे. बार म्हणजे किती ते टायरवरून बघा, पेट्रोल पंपावर आपण ३२ हवा भरा म्हणतो ना, ते होतात सव्वादोन बार. काट्याची पट्टी ३ ला संपते म्हणून काटा तिथे टेकतो, आतलं प्रेशर त्याहून जास्तही असू शकतं. आणि या गाडीचा नियम असा की इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला, म्हणजे पाय न देता नुसतं चालू असताना, काटा ०.३ पर्यंत खाली आला तरी काळजी नाही, फक्त पाय दिला की ३ वर गेला पाहिजे.

०.३ चालतं, आणि तुमचा दीड-दोन आहे! एवढ्या रनिंगला इतकं प्रेशर असेल तर बेअरिंग गेली हे मला तरी पटत नाही.

का ते सांगतो. तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणजे घरात नाहीतर पाहुण्यांत कुणाची तरी विहीर आणि त्यावर मोटर असणारच. मोटरीचं दुखणं दोन तऱ्हेचं असतं, हो ना? एक म्हणजे मोटर चांगली, विहिरीला पाणी आहे, पण शेतातली पाइपलाइन चार ठिकाणी फुटलेली, मग मोटर कितीही ओढू दे, शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही कारण वाटेतच निसटतं. दुसरं म्हणजे पाइपलाइन ठणठणीत, पण विहिरीतला फुटबॉल गळतोय (फूट व्हॉल्वला आपल्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात), त्यामुळे रात्री मोटर बंद केली की पाइपातलं सगळं पाणी परत विहिरीत उतरतं आणि सकाळी मोटर चालू केली की नुसती हवा, जरा वेळानं किंवा वरून बादलीभर पाणी ओतलं की मग धार लागते. आणि एकदा धार लागली की दिवसभर बघायला नको.

इंजिनात अगदी हेच आहे. खाली चेंबर ही विहीर, त्यात जाळी लावलेली नळी, पंप, पंपातून ऑइल फिल्टरमध्ये, तिथून ब्लॉकमधल्या, म्हणजे इंजिनाच्या धडातल्या, बारीक वाटांनी क्रँकच्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) बेअरिंगला आणि वर हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्याला. क्रँक बेअरिंगवर धातूला धातू लागून फिरत नाही, मधल्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो, आणि ती फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची. बेअरिंग झिजली की फट वाढते, ऑइल तिथून भसाभसा निसटतं, म्हणजे पाइपलाइन फुटली. पण ही फुटलेली पाइपलाइन कधी दिसते? दुपारी! सकाळी ऑइल थंड असतं, काकवीसारखं घट्ट, ते वाढलेल्या फटीतूनही सावकाशच जातं त्यामुळे थंड इंजिनावर झिजलेली बेअरिंगसुद्धा छान प्रेशर दाखवते. मग गाडी तापते, ऑइल पातळ होतं, आणि सिग्नलला उभं राहिलं की काटा खाली खाली यायला लागतो, आणि चढावर लोड आला की खालून जड ठोक्यासारखा आवाज येतो. बेअरिंगचा रोग हा गरम गाडीचा रोग आहे.

तुमची गाडी याच्या बरोबर उलट वागतेय, थंड असताना पाच-सहा सेकंद काहीच नाही आणि गरम असताना एकदम निरोगी. म्हणजे पाइपलाइन शाबूत आहे, फुटबॉल गळतोय.

मिस्त्री फसवतोय असं मी म्हणत नाहीये बरं का. टकटक ऐकली की आपल्या लोकांचा हात आधी पान्याकडे जातो, मीटरकडे नंतर, हे मी स्वतः वर्षानुवर्षं केलंय. पण दीड लाखाचं काम सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे आणि तो असा, की प्रेशर किती आलं, आकडा सांगा. थंड असताना किती, गरम असताना आयडलला किती. आकडा नसेल तर ते निदान नाही, अंदाज आहे. (आणि गाडी तुमची असून मिस्त्री सगळं तुमच्या भावाकडे बघून सांगत असेल तर वही-पेन काढून बसा. माणसं लिहून घेणाऱ्याशी जरा जपून बोलतात.)

आकडा कसा काढायचा तर हाताचा प्रेशर गेज मिळतो, रबरी नळी आणि पुढे घड्याळासारखी डायल, हजार-दोन हजारात साधा येतो आणि डिझेलचं काम करणाऱ्या गॅरेजात असतोच. फिल्टर ज्यात बसतो त्या हाउसिंगपाशी ऑइलचा सेंडर असतो, म्हणजे काट्याला प्रेशर कळवणारा भाग, तो काढून त्या जागी गेजची नळी बसवायची आणि सेल्फ मारायची. सेंडर जुने झाले की वाट्टेल ते दाखवतात, काटा थरथरतो, उगाच खाली पडतो, म्हणून कुठलंही इंजिन खोलण्याआधी हा गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. तुमच्या बाबतीत काटा खोटं बोलतोय असं मला वाटत नाही, कारण काटा शून्यावर असतो नेमकी तेवढाच वेळ टकटक येते, दोघांची साक्ष जुळतेय. ती टकटक बहुतेक वरून, हेडमधून येत असणार. या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व ढकलणारे भाग) ऑइलच्या प्रेशरवर चालणारी आहेत, ऑइल पोचेपर्यंत ती रिकामी वाजतात. खात्री करायची तर कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि एक लांब लाकडी काठी हेडच्या झाकणावर टेकवून दुसरं टोक कानाला लावा, मग खाली ब्लॉकला लावून बघा, फरक लगेच कळतो. फक्त ओढणी, केस, पदर पंखा आणि बेल्टपासून लांब. हे सांगायची गरज नाही पण मी सांगणार.

आता घरी करायच्या गोष्टी, ज्याला पाना लागत नाही.

पहिली डिपस्टिक. सकाळी, गाडी सपाट जागी, सेल्फ मारायच्या आधी. दोन खुणांच्या मध्ये हवं एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण वरच्या खुणेच्या वर असेल तरी ती आनंदाची गोष्ट नाही. ऑइल न टाकता लेव्हल वाढली असेल तर त्यात डिझेल उतरतंय. थेंब बोटावर घ्या, अंगठ्यानं चोळा, वास घ्या. डिझेल मिसळलेलं ऑइल पाण्यासारखं सुळसुळीत लागतं आणि वास लपत नाही. चहासारखं दुधट दिसलं तर पाणी उतरतंय आणि मग हे सगळं पत्र बाजूला ठेवून गाडी उभी करा. पण तुम्ही गरम असताना दीड-दोन लिहिलंय, त्यावरून मला दोन्ही नसेल असं वाटतं. तरी बघा, दोन मिनिटांचं काम.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कुणी करत नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि काटा हलायला किती सेकंद लागतात ते मोजा, पण वेगवेगळ्या विश्रांतीनंतर. शनिवारी फिरून आलात की गाडी बंद करा, दहा मिनिटांनी परत चालू करा, सेकंद लिहा. मग एक तासानं. मग संध्याकाळी चार-पाच तासांनी. मग रविवारी सकाळी. मग मध्ये आठवडाभर उभी ठेवून पुढच्या शनिवारी. दहा मिनिटांनंतर काटा लगेच उठला, तासानं एखादा सेकंद, रात्रीनंतर तीन-चार आणि आठवड्यानं सहा असं आलं, तर ऑइल हळूहळू परत उतरतंय याचा याहून चांगला पुरावा कुठलं मशीन देणार नाही. आणि उलट दहा मिनिटांनीही तेवढेच सहा सेकंद लागले, तर मामला वेगळा, मग पंपाच्या ओढण्याच्या बाजूला बघायला लागेल, त्याचं खाली लिहितो.

आता भावाचं जाड ऑइल. त्याला सांगा की कल्पना चुकीची नाही, पण रोग चुकलाय. जाड ऑइलनं दुपारचा काटा वर राहतो, झिजलेलं इंजिन विकायच्या आधी लोक हेच करतात. तुमचा दुपारचा काटा चांगलाच आहे. तुमची अडचण सकाळच्या पहिल्या सहा सेकंदांची आहे आणि तिथे जाड ऑइल आणखी उशिरा पोचणार, सहाचे आठ होतील. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, तो आकडा थंडपणीचं वागणं सांगतो, आणि पुढचा ४० हा १०० डिग्रीला ऑइल किती घट्ट राहतं त्याचा. कोल्हापूरच्या हवेला आणि या इंजिनाला चांगल्या डिझेल ग्रेडचं १५डब्ल्यू-४० बरोबर आहे, डब्यावर सीआय-४ असं लिहिलेलं बघून घ्या. आणि ती प्रेशर वाढवणारी छोटी बाटली कुणी काउंटरवर पुढे सरकवली तर हसून परत सरकवा.

तर फुटबॉल कुठाय?

तुमच्या गाडीचा ऑइल फिल्टर डब्याचा नाही, म्हणजे खालून फिरवून काढायचा पत्र्याचा डबा नाही. डब्याच्या फिल्टरमध्ये आत एक रबराची चकती असते, ती गाडी बंद झाल्यावर ऑइल परत जाऊ देत नाही, आणि स्वस्तातल्या नकली फिल्टरमध्ये ती चकती एकतर पुठ्ठ्यासारखी कडक असते नाहीतर नीट बसतच नाही. ज्या वाचकांच्या गाडीत डबा आहे आणि हाच त्रास आहे त्यांनी आधी फक्त चांगल्या दुकानातून अस्सल फिल्टर आणून बसवावा, निम्म्या लोकांना पुढचं वाचायची गरज पडणार नाही.

तुमच्या गाडीत मात्र वर उभं हाउसिंग आहे, त्याचं झाकण दोन नटांवर, आणि झाकण उचललं की त्याच्याबरोबर एक लांब नळी बाहेर येते. ही नळी फिल्टरच्या पोटातून खाली जाते आणि तिचं टोक हाउसिंगच्या तळातल्या भोकात बसतं. भोक कशाला? तर झाकण उचललं की हाउसिंगमधलं सगळं ऑइल त्या भोकातून आपोआप चेंबरमध्ये उतरतं, फिल्टर बदलताना इंजिनभर सांडत नाही. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला साष्टांग नमस्कार, हात काळे न होता फिल्टर निघतो. पण याचा अर्थ असा, की झाकण बंद असताना ते भोक बुजलेलं ठेवायचं काम एकटी ती नळी करते, आणि नळीच्या टोकाला त्यासाठी एक ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, असते. करंगळीत बसेल एवढी. ती रिंग कडक झाली, चिरली, किंवा बसवायचीच राहिली तर भोक कायमचं किलकिलं राहतं. इंजिन चालू असताना पंपाचा जोर एवढा असतो की थोडं निसटलं तरी काट्याला पत्ता लागत नाही. पण गाडी बंद झाली की थेंब थेंब करत हाउसिंग रात्रीत रिकामं होतं, आणि सकाळी पंपाला आधी ते अख्खं हाउसिंग भरायला लागतं, मग पुढे ऑइल. त्यात जातात तुमचे पाच-सहा सेकंद.

हे मला इतकं पाठ का आहे तर ही चूक मी स्वतः केलीये. नवीन होतो, अशाच इंजिनाचा फिल्टर बदलला, आणि जुन्या फिल्टरच्या तळाला ती रिंग चिकटून बाहेर आली ती मी बघितलीच नाही, जुना फिल्टर रिंगसकट भंगाराच्या पिंपात. आठवड्यानं मालक परत आला, सकाळी टकटक म्हणून. मी हुशारी दाखवत प्रेशर व्हॉल्व खोलला, साफ केला, बसवला, काही नाही. सेंडर बदलला, काही नाही. दुसऱ्या दिवशी चेंबर खोलायच्या तयारीत गाडीखाली शिरलो तर आमचा म्हातारा फोरमन चहाचा ग्लास घेऊन आला, वरचं झाकण उचललं, नळीच्या टोकावर नख फिरवलं आणि विचारलं, "रिंग कुठाय?" मला कळेना कुठली रिंग. नळीच्या टोकाला बारीक खाच होती, खाच स्वच्छ, रिकामी. उरलेला चहा पिऊन होईपर्यंत तो काही बोलला नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आता वही काढा.

तुम्ही पाठवलेल्या पानांवर बाबांच्या अक्षरात प्रत्येक ऑइल चेंजला एकच ओळ आहे, "ऑइल ७ लि., फिल्टर, रिंग." प्रत्येक वेळी. तारीख बदलते, किलोमीटर बदलतात, रिंग बदलत नाही, म्हणजे लिहिणं बदलत नाही, रिंग दर वेळी बदलायचे. आणि दिवाळीचं बिल बघा. ऑइल आहे, फिल्टर आहे, चेंबरच्या बोल्टचा वॉशर आहे, कॉटन वेस्टसुद्धा आहे! रिंग नाही. तक्रार कधीपासून? दिवाळीनंतर. एकतर जुनीच कडक रिंग परत गेली, ती फिल्टर बदलताना हलली आणि आता धरत नाही, नाहीतर ती माझ्यासारखीच कुणाच्या तरी पिंपात गेली.

तेव्हा पहिलं काम हे. अस्सल रिंग मागवा, आणि झाकणाचं मोठं सीलही बरोबर बदलून टाका. नवीन फिल्टरच्या खोक्यात कधी कधी बरोबर येतात, दिवाळीच्या फिल्टरचं खोकं कुठे पडलं असेल तर आत हलवून बघा. नळाला बसते तशी साधी रबराची रिंग "मापाची आहे ना" म्हणून कुणी बसवत असेल तर नको म्हणा, गरम ऑइलमध्ये साधं रबर एकतर फुगतं नाहीतर दगड होतं, तिथे व्हायटनची लागते. बसवताना रिंगला ऑइलचं बोट फिरवायचं म्हणजे ती खाचेत पिळली जात नाही, आणि नळी सरळ खाली बसली की मगच नट आवळायचे, दोन्ही थोडे थोडे, एकच आधी कचकचून नाही. फिल्टर तोच राहू दे, दिवाळीचा आहे. मिस्त्री अर्ध्या तासात करेल, आणि रिंगेची किंमत दीड लाखाच्या शेजारी लिहायला लाज वाटेल एवढी आहे.

रिंग बसवल्यावर पहिल्या वेळी काटा उठायला वेळ लागणारच, झाकण उघडलं तेव्हा हाउसिंग रिकामं झालेलं असतं, त्यानं घाबरून जाऊ नका. त्यासाठी जुन्या डिझेलवाल्यांची एक युक्ती आहे. या घराण्यातल्या बऱ्याच इंजिनांच्या डिझेल पंपावर स्टॉप लिहिलेला एक खटका असतो, तुमच्या पंपावर आहे का मिस्त्रीला दाखवायला सांगा. असेल तर एकानं तो दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं सेल्फ मारायची. डिझेल जात नाही, इंजिन नुसतं हळू फिरतं, काटा हलायला लागला की सोडायचं आणि मग नेहमीसारखी चालू करायची. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ नको, मध्ये मिनिटभर थांबायचं नाहीतर रिंग वाचवून सेल्फ जाळाल. रिंग येईपर्यंतच्या शनिवारीही हेच करा. खटका नसेल तर चालू झाल्यावर काटा उठेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. एवढं पाळलं तर महिनाभरात या सहा सेकंदांनी इंजिन मरत नाही, पण वर्षानुवर्षं चालू ठेवायची ही गोष्टही नाही, झीज होते ती असल्याच रिकाम्या सेकंदांत.

आणि समजा रिंगेनं फरक नाही पडला, किंवा मघाचं स्टॉपवॉच म्हणालं की दहा मिनिटांनीही सहा सेकंद लागतायत. मग मी खाली बघेन, चेंबरकडे, आणि आधी नुसतं वाकून. चेंबरला खालून पोचा आलाय का? आपल्याकडचे काही गतिरोधक रस्त्यावर टाकलेले नसून उभारलेले असतात, चेंबर एकदा त्यावर आपटला आणि तळ आत गेला की तो थेट जाळीच्या तोंडाला जाऊन टेकतो, मग पंप ओढतो पण ऑइल यायला फटच नाही. बाहेरून बघाल तर बशीएवढा खळगा, ऑइलचा थेंबही गळत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. दुसरं, चेंबर पूर्वी कधी उघडला असेल तर बसवताना सिलिकॉन किती थापलंय. कडेनं बाहेर जेवढं फुगून आलेलं दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं, ते तुटून शेवयांसारखं जाळीवर जाऊन बसतं. तिसरं, जाळीच्या नळीचा जोड, तिथून हवा ओढली जात असेल तर पंप ऑइलऐवजी फेस ढकलतो. पंपाला मी सगळ्यात शेवटी हात लावेन, आणि बेअरिंग या यादीत मी घेतलेलंच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. चेंबर उघडलाच तर मिस्त्रीला म्हणावं एक बेअरिंगची टोपी खोलून दाखव, तुमच्या डोळ्यांसमोर. राखाडी आणि एकसारखी दिसली तर परत बंद. तांब्याचा रंग दिसायला लागला असेल तर मी चुकलो, मला सांगा.

एकच वेळ अशी आहे जिथे यातलं काहीही आठवायचं नाही. गाडी चालू आहे, रस्त्यावर आहे, आणि काटा चालता चालता शून्यावर पडला, तर कडेला घेऊन लगेच बंद. पुढच्या पंपापर्यंत जाऊ, घर दोनच किलोमीटर आहे, असलं काही नाही. त्या दोन किलोमीटरमध्ये मिस्त्रीचे दीड लाख खरे होतात.

काकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, घरच्या भानगडीत मी पडत नाही. फक्त शनिवारची चक्कर जरा लांब काढा. पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं चालू ठेवून बंद करण्यानं ऑइल धड तापतही नाही आणि आत ओल धरते. पन्हाळ्यापर्यंत जाऊन या, वीस-एक किलोमीटर आहे, चढ आहे, इंजिन नीट गरम होईल आणि तुम्हाला गरम आयडलचा आकडाही वर गेल्यावर निवांत बघता येईल.

झाकण उघडाल तेव्हा तिथे हजर राहा आणि मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, जुनी रिंग निघाली तर फेकू नको. निघाली आणि नखानं दाबल्यावर दबली नाही तर तिचा फोटो पाठवा, निघालीच नाही तर रिकाम्या खाचेचा पाठवा. आणि त्या दिवशीच्या ओळीत वहीत रिंग लिहायला विसरू नका.